माळावरची बर्थडे झाडं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवासमोर बसूनसुद्धा नाही — तिथे मी स्तोत्र भराभरा म्हणून उठते. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका म्हणजे झालं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही अमेरिकेत, शॉमबर्गला राहायचो. आसपासची मराठी घरं आणि ह्यांच्या ऑफिसातले काही अमेरिकन मिळून आम्ही एक मंडळ काढलं होतं — भारतात जंगल, पाणी, माळ राखणाऱ्या गावकऱ्यांना इथून मदत पाठवायची. महिन्यातून एका रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये मीटिंग, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा पॉटलक, स्लाइड्स. गावांची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. मी ती इंग्रजीत वाचून दाखवायची, उत्तरंही मीच लिहायची. बाकीच्या मराठी लोकांना पत्र हातात घ्यायला फुरसत कुठे होती? "तू आहेस ना, मग आम्हाला टेन्शन नाही," म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

एका मीटिंगला मी कल्पना मांडली — मुलांच्या बर्थडेला खेळणी नकोत, त्यांच्या नावानं भारतात एक झाड लावू. झाडापाशी नावाची पाटी, पाटीचा फोटो इकडे. अहो, काय टाळ्या पडल्या! माझी लेक — जी मला साडी नेसून शाळेत येऊ नकोस म्हणायची — ती सगळ्यांसमोर "दॅट्स माय मॉम" म्हणाली. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

आणि मग सुमनताईंचं पत्र आलं.

सुमनताई म्हणजे एका कोरडवाहू गावातल्या महिला मंडळाच्या प्रमुख. त्या बायकांनी गावचा उघडा माळ राखला होता. पावसाळाभर तिथे गुरं सोडायची नाहीत, गवताचं बी खाली पडलं की मगच कापणी. अशानं मारवेल, पवन्या ही जुनी गवतं परत आली होती. वहीच्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं, "ताई, झाडं नकोत. हा गवताचाच माळ आहे, आमची गुरं त्यावर जगतात. दोन राखणदारांचा पगार तेवढा बघा."

राखणदार! राखणदाराला कुणाच्या बर्थडेची पाटी लावणार? गवताचा फोटो कोण बघणार? — मी तेव्हा मनात हेच म्हणाले, अगदी ह्याच शब्दांत.

सांगते, सांगते. टाळतेय मी, कळतंय मला.

त्या रविवारी मी ते पत्र हातात धरलं आणि इंग्रजीत धडधडीत खोटं वाचलं. त्या बायका झाडांसाठी आसुसल्या आहेत, म्हटलं. ह्यांच्या ऑफिसातल्या एक वयस्कर बाई होत्या, डोरोथी. त्यांनी विचारलं, "त्यांना खरंच झाडं हवीत ना? की आपल्याला हवीत?" मी म्हणाले, "शुअर, त्यांनाच हवीत." आणि सोमवारी सुमनताईंना मराठीत लिहिलं — इथल्या देणगीदारांचा आग्रह आहे, लवकर वाढणारी झाडं लावलीत तरच मदत मिळेल. कुणी धरला होता आग्रह? कुणीही नाही. इकडे त्या बायकांचं नाव पुढे केलं, तिकडे देणगीदारांचं. दोन्हीकडे खोटं बोलणारी मी एकटी.

त्यांनी लावली. पाण्यावाचून भराभर वाढेल असं एकच रोप त्यांना मिळालं — वेडी बाभूळ. फोटो आले. खड्डे, काटेरी रोपं, पाट्यांवर इथल्या मुलांची नावं. मी त्याचा अल्बम केला आणि मीटिंगमध्ये मिरवला.

काही पावसाळ्यांनी सुमनताईंचं पुन्हा पत्र आलं. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी माळभर गेलं, बाभूळ माजली. गवत संपत चाललंय. त्यांच्या जावेनं गाई विकल्या. बायका सुमनताईंनाच बोल लावतात, महिला मंडळ फुटलं. आणि शेवटी — "ताई, देणगीदारांना एकदा विचारता का, ती झाडं उपटली तर चालेल? लेकरांच्या नावाची आहेत, म्हणून हात लावला नाही. आत्ता काढली तर थोडा माळ वाचेल."

पुढच्या मीटिंगला डोरोथी माझ्यासमोरच बसल्या होत्या, मांडीवर बटाटेवड्याची प्लेट. विचारायला किती वेळ लागला असता? त्या म्हणाल्या असत्या, अगं, उपटायला सांग ना आधी! कुणीही तेच म्हणालं असतं. पण मग झाडं मुळात कुणी मागितली होती, हा प्रश्न निघाला असता. आणि ते पहिलं पत्र — आणि मी.

ह्या वेळी गावाकडून पत्र नाही, असं मी सांगितलं. लोक बटाटेवड्यांकडे वळले. घरातलं आवरून झाल्यावर सुमनताईंना एका ओळीचं उत्तर लिहिलं — "विचारलं. ते नाही म्हणतात."

मी वयानं लहान होते का? भोळी होते? नाही हो. मला सगळं कळत होतं. गवत गेलं की त्या घरांत काय होतं, तेसुद्धा. माळ गेला. तो आता कुणाच्यानं परत आणवणार नाही.

सुमनताईंचं त्यानंतर एकच पत्र आलं. लिहिलं होतं, झाडांना आम्ही हात लावणार नाही. आणि ताई, तुम्ही आमच्यासाठी शब्द टाकलात, त्याबद्दल मंडळात उरलेल्या सगळ्या बायकांनी आभार कळवलेत.