मंगलचे अर्ज कोण लिहीत होतं

"तिला लिहिताना मी कधी बघितलं नाही. तो वकील लिहून देतो. आता तो फुकट का लिहून देतो, ते मला विचारू नका."

हे मी बोलले. माईकवर बोलले. मंडपातल्या बायकांत आधी एक हसली, मग सगळ्याच हसल्या. आणि जिच्याबद्दल बोलले ती मंगल मंडपाच्या तोंडाशी, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही — खोटं कशाला, बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. माझंही राहिलं असेल. आपल्या तोंडातून हे आलं? इतकं सरळ, न अडखळता?

ते वाक्य खोटं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवाला तर नाहीच — त्याला माहीत असेल तर असो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही.

मंगल म्हणजे शेजारच्या घरची मुलगी. कोपरला जुन्या गावठाणात तिच्या बापाच्या भिंतीला आमची भिंत लागून. तिला खडवलीला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली, ही परत आली. बी.ए. झालेली. मी चौथी पास. सही करते, पाट्या वाचते. त्यापुढे लिहायची वेळ आली की चष्मा विसरला म्हणते.

आमच्याकडे हळदीकुंकवाला विधवेला कोणी बोलवत नाही. शेजार म्हणून बोलावलंच तर दाराशी बसायचं, चहा घ्यायचा, निघायचं. नवरा गेल्यापासून मी दाराशी. मंगल सवाष्ण की नाही हे बायकांना ठरवता येईना, म्हणून तीही दाराशी. चपलांजवळ आम्ही दोघीच. तिथंच एकदा तिनं विचारलं, "काकी, तुमच्या नळाला पाणी किती वेळ येतं?" मी म्हटलं, "येतं कुठं? नुसता वारा येतो."

तिथून ते अर्ज सुरू झाले. माझ्या ओट्यावर बसायची, मांडीवर पाट, पाटावर कागद. मी शेजारी शेंगा सोलत. एकेक ओळ लिहून मोठ्यानं वाचायची. मी म्हणायची, "ते 'नम्र विनंती' काढ, आपण काय भीक मागतोय?" ती हसायची आणि खरंच काढायची. खाली पहिली सही माझी, वयानं मोठी म्हणून. मग गल्लीतल्या सगळ्यांच्या. किती अर्ज झाले, किती चकरा झाल्या, ते तिला ठाऊक. शेवटी गल्लीत नवा पाइप पडला. रेशनकार्डावर माझं नाव चुकलेलं होतं, तेही तिनंच अर्ज करून दुरुस्त करून आणलं.

आणि वकील? होता एक, स्टेशनजवळ बसणारा. त्याच्याकडे ती एकदाच गेली, कायद्यातलं काहीतरी विचारायला, आणि जाताना मला घेऊन गेली. चहासुद्धा पाजला नाही त्यानं. एवढाच तो वकील.

मग निवडणूक आली. आमची जागा बाईसाठी राखीव झाली. जुन्या नगरसेवकानं बायकोला उभं केलं. सगळे तिला वहिनी म्हणतात. बाई वाईट नाही, पण दोन वाक्यं बोलताना दोनदा नवऱ्याकडे बघते. आणि मंगल उभी राहिली, अपक्ष, कोणाची न होता.

नळावर बायकांची चर्चा.

"बाई दिली काय नि बाप्या दिला काय, खड्डा तिथंच ऱ्हाणार."

"मग नवरेवाली तरी देऊ गो. तिचा नवरा हापिसात जाऊन टेबलावर हात तरी आपटंल."

"मंगलच्या मागं कोण हाय? तिची फाइल कोण सरकवणार?"

"पण शिकलीय ती."

"शिकली म्हणून तर सासरी टिकली नाय!"

त्यांचा राग खोटा नव्हता. किती वेळा रांगेत उभं राहून बोटाला शाई लावून घेतली, आणि गटार होतं तिथंच. पण राग होता पुरुषांवर आणि निघत होता मंगलवर. पुरुष उमेदवाराला कधी कोणी विचारलं होतं, तुझा अर्ज तूच लिहितोस का? मी तिथंच बादली भरत होते, त्या नव्या पाइपाच्या पाण्यानं. एक शब्द बोलले नाही. तिथं मी पहिल्यांदा चुकले.

मग आवई उठली, की मंगलला काही येत नाही, तिला कोणीतरी लिहून देतं. ती माझ्याकडे आली. ओट्यावर बसलीसुद्धा नाही. "काकी, कोणी विचारलं तर तुम्ही जे बघितलं ते सांगा. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणी बघितलेलं नाही." मत मागितलं नाही तिनं. एवढंच मागितलं. मी म्हटलं, "सांगीन की गो, त्यात काय!"

संक्रांत यायची होती, पण मतदान त्याच्याही आधी, म्हणून वहिनींचं हळदीकुंकूही आधीच झालं. मैदानात मंडप. गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलावणं, मंगललासुद्धा. मी सवयीनं दाराशी बसायला गेले, तर दोघींनी हात धरून मला पुढं नेलं. पहिल्या रांगेत, खुर्चीवर. निवडणूक आली की विधवाही सवाष्ण होते. मत तिलाही असतं. वहिनींनी सगळ्यांदेखत माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाण नंतर घरी येईल, असं कोणीतरी कानात सांगितलं.

वहिनींच्या नवऱ्यानं माईक घेतला. "आजी म्हणजे आपल्या गावठाणाची माऊली. आजी, ते पाण्याचे अर्ज तुमच्याच ओट्यावर लिहिले ना? मग तुम्हीच सांगा, लिहायचं कोण?" आणि माईक माझ्यापुढं धरला.

मला कोणी पढवलं नव्हतं, हे नीट ऐका. त्या माणसाच्या तोंडावर धाकधूक होती. उत्तर त्याला माहीत नव्हतं. मी 'मंगल' म्हटलं असतं तर त्याची फजिती झाली असती आणि विषय तिथंच संपला असता. तीन अक्षरं. आणि मी वकील काढला.

कुंकवासाठी बोलले? वाणासाठी? असं म्हणायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. त्या खुर्चीवरून मी मागं वळून बघितलं, तर मंगल चपलांजवळ उभी. मी पुढं, ती मागं. चौथी पास पुढं, बी.ए. मागं. ते बघून मला गोड वाटलं. ते तसंच राहावं असं वाटलं. इतकंच होतं. माझ्यात हे होतं — इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून शेंगा सोलताना होतं — हे मला त्या दिवशी कळलं.

मंगलनं आपली चप्पल शोधली. ढिगात एक सापडली, दुसरी सापडेना. बायका बघत होत्या. एकच चप्पल हातात घेऊन ती अनवाणी गेली.

पुढं तिला कोणी तिच्या नावानं बोलावलंच नाही. 'वकिलीण' झाली. तिच्या पत्रकावरच्या फोटोला कोणीतरी पेनानं काळा कोट काढला. ती हरली. थोडक्यात हरली. मत मी तिलाच दिलं होतं. पण पेटीतलं मत कोणी ऐकत नाही. माईकवरचं सगळ्यांनी ऐकलं.

आणखी एक आहे. ते आधीच्यापेक्षा लहान आहे, पण मला ते जास्त वाईट वाटतं.

निवडणूक झाली तरी पेन्शनसाठी माझा हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मंगल आपणहून आली. "काकी, तुमचा फॉर्म भरायचा असेल ना?" ओट्यावर बसली, पाट घेतला, लिहिलं, वाचून दाखवलं. मी सही केली. मंडपाचं एक अक्षर तिनं काढलं नाही. मी हादरले. शिव्या दिल्या असत्या तर मला समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी तीच मला रिक्षानं कल्याणला घेऊन गेली. खिडकीवरच्या बाईनं फॉर्म उलटापालटा केला. "वा आजी, काय अक्षर आहे! कोणी भरून दिलं?"

तिथं मंडप नव्हता. माईक नव्हता. कुंकू कधीच पुसलं होतं. माझ्या पाठीशी, माझी पिशवी धरून, मंगल उभी होती.

मी म्हटलं, "सुनेनं."

पाण्याचे, रेशनकार्डाचे, हयातीचा — सगळे कागद मंगलनं लिहिले, माझ्या डोळ्यांदेखत. दोन्ही वेळा मी काय बोलले ते ऐकलं तेही मंगलनंच. बोलणारी मी, हिराबाई, भिंतीपलीकडची शेजारीण.