एका मशीनवर तीन पायथन

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी नऊ वर्षं काढली. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. सगळ्या लॅबचं काम एकाच मशीनवरून चालायचं आणि त्यावर तीन पायथन, म्हणजे त्या संगणकी भाषेच्या तीन आवृत्त्या, होते, कारण जुन्या लॅबच्या प्रोग्रामला जुनाच चालायचा आणि नव्यांना नवा लागायचा. कुठल्या लॅबला कोणता, हे माझ्या वहीत लिहिलेलं. त्यामुळे काही बदलायचं झालं की सर म्हणायचे, "ताईंना विचारा." हिंजवडीच्या मोठ्या आयटी कंपन्यांच्या बसमध्ये चढून गेलेल्या मैत्रिणींना तिथं कुणी असं विचारत नसेल, अशी मी माझी समजूत घालायचे.

मग ती नवी मुलगी आली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं मशीनवर आवृत्त्या सांभाळणारं एक साधन बसवलं आणि प्रत्येक लॅबच्या फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल ठेवली. फोल्डरमध्ये शिरलं की हवा तो पायथन आपोआप लागायचा. त्यासाठी माझी वही मीच तिला हौसेनं दिली होती. "ताई, तुमच्या वहीमुळे दोन तासांत झालं," ती म्हणाली. मी हसले. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हटलं, "आलीय एक शहाणी."

त्यानंतर पंधरा दिवस मला कुणी काही विचारलं नाही. मी तिच्यावर जळत होते, हे सरळच लिहिते. तिचं भराभर टाइप करणं, सरांनी तिच्या टेबलापाशी जाऊन उभं राहणं, तिनं डब्यातलं आग्रहानं मला वाढणंसुद्धा खुपायचं.

एका सोमवारी सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडून मी त्या मशीनवर माझ्या जुन्या पद्धतीनं आणखी एक नवा पायथन बसवला आणि सेटिंगमध्ये त्याला सगळ्यात वरची जागा दिली. आता कुठल्याही फोल्डरमध्ये गेलं तरी तोच चालणार होता. पुढेमागे लागेलच, असं मी स्वतःला सांगितलं.

अकरा वाजता शनिवार पेठेतल्या आमच्या सर्वांत जुन्या लॅबचे रिपोर्ट निघेनात. लॅबचे मालक फोनवर शांतपणे म्हणाले, "पेशंट बसलेत. तुमचं सॉफ्टवेअर ठेवू की काढू, तेवढं सांगा." सर तिला सगळ्यांसमोर बोलले, "चालत्या गाडीला खीळ घालायला कुणी सांगितलं होतं?" मग त्यांनी मला बोलावलं. एका ओळीचं काम होतं. मी अर्धा तास लावला. ती शेजारी उभी होती, डोळे भरलेले, आणि मला फार बरं वाटत होतं.

रिपोर्ट सुरू झाले. सर माझं कौतुक करून आत गेले. तिनं खुर्ची ओढली आणि त्या नव्या पायथनचं फोल्डर उघडलं. त्यावर तो बसवल्याची वेळ होती, त्याच दिवशी सकाळी पावणेनऊ.

"ताई, तेव्हा ऑफिसात तुम्ही एकट्याच असता."

मी फोल्डर बंद करायला माउसकडे हात नेला.

"सरांना मी नाही सांगणार," ती हळूच म्हणाली. "पण लॅबमध्ये रक्त द्यायला उपाशीपोटी आलेली माणसं असतात हो."

तिनं फोल्डर बंद केलं आणि आपल्या कामाला लागली. तिनं सरांना सांगितलं असतं, तर निदान तिचा राग तरी करता आला असता.