खानदानी चाल

आमच्या नागभीडच्या घरमालकांइतका पिल्लं वाटणारा दानशूर अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत झाला नसेल. छोट्या रेल्वेलाइनवर गार्डाची नोकरी करून ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी नागपूरहून राणी नावाची पांढरीशुभ्र पामेरियन कुत्री घेऊन आले. नव्वदच्या दशकात आमच्या गावी फ्रीजच्या खालोखाल मान होता तो पामेरियनचा. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहणारा शाळामास्तर, त्यामुळे राणीची तीन बाळंतपणं मला भिंतीपलीकडून ऐकावी लागली. पिल्लू फुकट मिळे, पण मुलगी द्यावी तशी चौकशी होऊन. "घरी मांजर आहे का? मालकीण तापट आहे का? धान कापाले सगळेच जाता, मंग याच्यापाशी कोण राह्यते?" एका तलाठ्याला त्यांनी रिकाम्या हातानं परत धाडलं, कारण तो बोलताना पिल्लाकडं न पाहता घड्याळाकडं पाहत होता.

रंग बिघडू नये म्हणून बाहेरचं रक्त त्यांना चालत नसे. राणीच्या पहिल्या वेतातला एक मुलगा त्यांनी घरात ठेवला आणि पुढं त्याचीच जोडी तिच्याशी लावली. बायकोनं तोंडाला पदर लावला, तर म्हणाले, "अवं, राजघराण्यात असंच चालते."

या घराण्याची पिल्लं चालता चालता मागचा एक पाय अचानक वर उचलत, तीन पायांवर दोन उड्या मारत आणि पुन्हा चारांवर येत. घरमालक मला अंगणात बोलावत. "पाहा सर, खानदानी चाल पाहा! शंभर कुत्र्यांत ठेवा, माहं पिल्लू ओळखू येते." मीही हसत असे. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मग त्यांच्या एटापल्लीच्या पुतणीचा निरोप आला की तिला दिलेला कुत्रा उठत नाही, हात लावला की ओरडतो. घरमालक बसनं जाऊन त्याला पिशवीत घालून घेऊन आले आणि आम्ही दोघं चंद्रपूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बोटानं गुडघा चाचपला, तशी वाटी टक्कन बाजूला सरकली. "वाटी जिच्यात बसते ती खाचच उथळ आहे. हे रक्तातून येतं. याचे आईबाप कोण?" घरमालकांनी सांगितलं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. "मग दोन्हीकडून आलं," एवढंच ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मूल गाव येईपर्यंत घरमालक मांडीवरच्या पिशवीत पाहत बसले होते. मग म्हणाले, "सर, मी त्याले चाल समजत होतो. त्याइले दुखून राह्यलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस दिलेल्या पिल्लांच्या घरोघर निघाला. दारात उभं राहून सांगे, "दोष माह्या घरून आला आहे. याची जोडी लावू नका. जड होत असन तर मले वापस द्या." काही जण हसले. "कुत्र्यापायी माफी मागाले आले का जी भाऊ?" एकानं चहा पाजला आणि पुढचं पिल्लू कधी मिळेल ते विचारलं.

जिवती गावी पिल्लू आधीच मेलेलं होतं. एका शिपायाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं ते पाळलं होतं. ते लंगडू लागल्यावर 'तूच पाडलं' म्हणून बापानं तिला झोडपलं होतं, आणि मार खाऊन खाऊन पोरीनं अखेर 'हो' म्हणून टाकलं होतं. घरमालक तिच्यासमोर मातीत बसले. "बाई, तू नाई पाडलं. ते जन्माचंच तसं होतं. चूक माही आहे." पोरगी बापाकडं पाहत राहिली. बाप हळूच म्हणाला, "मंग तू हो काऊन म्हटलं वं?" हे सगळं घरमालकांनी परत आल्यावर मला सांगितलं.

पाच कुत्री परत आली. पुढं त्यांनी एकही वेत होऊ दिलं नाही. अंगणातल्या पायऱ्या फोडून उतार केला आणि सकाळ-संध्याकाळ पाचांचे गुडघे शेकले. माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी गेलो तेव्हा ओसरीवर एकच म्हातारं कुत्रं झोपलं होतं.

"हे शेवटचं," ते म्हणाले. "याच्यामागं आता कोणी नाई."

"बरं झालं," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"बरंच झालं," ते म्हणाले, आणि कुत्र्याच्या डोळ्यांवर माशी बसू नये म्हणून कितीतरी वेळ हात हलवत राहिले.