क्लॅरी नॅनकर्व्हिसची आवराआवर

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मूंटा या खाणींच्या गावात त्या हिवाळ्यात कुजबुज होती ती अशी: क्लॅरी नॅनकर्व्हिसने बायकोचं पुस्तक मुद्दाम पुसून टाकलं, कारण त्यात त्याच्या आजोबांचं बिंग होतं. खाणीतल्या संपाच्या वेळी आजोबा मागच्या दाराने कामावर जात होते म्हणे. खाटकाच्या दुकानात हेच, चॅपलच्या पायरीवर हेच. आमच्या गावात चोराचा नातू खपतो, संप मोडणाऱ्याचा नाही.

क्लॅरी चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात तारवाला होता. एका घराला एक तार, हा त्याचा बाणा. दुसरी लोंबताना दिसली की कापलीच. निवृत्त झाला, खांब सुटले, मग त्याने घर आवरायला घेतलं. सारख्या दोन किसण्या सापडल्या की एक गेली. त्याची बायको लॉर्ना म्हणायची, "मला जुळी बहीण नाही हे नशीब, नाहीतर आमच्यातली एक याने केव्हाच काढून टाकली असती."

लॉर्ना अकरा वर्षं खाणकामगारांच्या घराण्यांचा इतिहास लिहीत होती. म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांच्या शिव्याशापांसकट उतरवून घेतलेला. त्यातले बहुतेक आता दफनभूमीत, ॲनी पेंगेलीसुद्धा. सगळं लिखाण पुढच्या खोलीतल्या तिच्या जुन्या संगणकात, आणि तो दमेकऱ्यासारखा घरघरायला लागलेला. क्लॅरीचा संगणकही तसलाच, मागच्या पडवीत, गुलाबांच्या फोटोंनी भरलेला. दोन्ही तारेने जोडावेत आणि लिखाणाची एक प्रत क्लॅरीकडे ठेवावी, असं ठरलं.

जोडायला मला बोलावलं. निवृत्तांच्या संगणक मंडळात मी जाणकार समजला जायचो; बाकीच्यांनी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, मी अर्धं वाचलं होतं.

तार क्लॅरीने टाकली. भिंतीच्या कडेने, वीतभर अंतरावर एकेक खिळा, अशी सरळ की पाहत राहावं. मग दोन्ही यंत्रांना एका गटाचं नाव द्यायचं होतं.

"नॅनकर्व्हिस दे," क्लॅरी म्हणाला.

"लग्नात तुझंच घेतलं," लॉर्ना म्हणाली. "आता माझ्या माहेरचं."

दिलं. मग यंत्राने विचारलं, दुसऱ्याने हे फोल्डर नुसतं वाचायचं, की बदलायचंही?

"काय म्हणतोय तो?" क्लॅरीने विचारलं.

"तुझ्यावर विश्वास ठेवायचा का, एवढंच."

"ठेवू नकोस," लॉर्ना स्वयंपाकघरातून म्हणाली. आम्ही हसलो. ओव्हनमधून पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, निघत होत्या, वास सुटला होता. मी 'बदलायचंही'वर खूण केली. क्लॅरीच्या पडद्यावर लॉर्नाचं फोल्डर उमटलं.

"घे, आलं तुझ्याकडे," मी म्हणालो.

आलं नव्हतं. तारेतून नुसतं दिसत होतं; प्रत अजून काढायची होती. जेवून काढू म्हटलं. दोन पेस्ट्या खाल्ल्या, पोट जड झालं, घरी गेलो.

मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडावर, क्लॅरीचं यंत्र मंद चालायला लागलं, तेव्हा तो आवरायला बसला. लॉर्नाचं फोल्डर दिसलं. तिचं तिच्याकडे आहेच, मग इथे दुसरं कशाला? यंत्राने विचारलं, कायमचं पुसू? त्याने हो म्हटलं.

चहाच्या वेळेला लॉर्नाने हाक मारली, "क्लॅरी, माझं फोल्डर कुठाय?"

"तुझ्याकडेच असणार. मी फक्त माझ्याकडचं काढलं."

मला बोलावलं. तारेतून पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीतही पडत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी तासभर बटणं दाबत बसलो.

"विल्फ, तू म्हणाला होतास की माझ्याकडे आलंय," क्लॅरी म्हणाला.

"दिसतंय म्हणालो होतो," मी म्हणालो.

वाद घालणं क्लॅरीला कधी जमलं नाही. लॉर्ना म्हणाली, "ॲनी पेंगेली मेली रे. तिला आता काय विचारू मी?"

पुढच्या आठवड्यात आजोबांची गोष्ट गावात फिरायला लागली. बोलिंगच्या हिरवळीवर, जिथे गावातले म्हातारे जोडीजोडीने चेंडू घरंगळवत खेळतात, क्लॅरीला जोडीदार मिळेना. तो यायचा, चेंडू पुसायचा, पिशवीत भरून परत न्यायचा. मग यायचाच बंद झाला. पुस्तकात काय होतं हे गावात एकट्या लॉर्नाला ठाऊक, आणि ती गप्प. एकदा पोस्टाबाहेर मी तिला म्हणालो, "अगं, लोक काय बोलतात. सांगून टाक ना काय ते."

"माझं अकरा वर्षांचं गेलं," ती म्हणाली. "त्याचा एक आजोबा गेला तर जाऊ दे."

त्याच वर्षी ती पोर्ट लिंकनला बहिणीकडे निघून गेली. क्लॅरी पुढे चार वर्षं जगला. भिंतीकडेची तार त्याने काढली नाही. शवपेटीला सहा खांदे लागतात. गावातले चारच आले, दोन अंत्यविधीवाल्यांनी दिले. चारांतला एक माझा होता.

लॉर्नाच्या पुस्तकात क्लॅरीच्या आजोबांबद्दल एक ओळही नव्हती; तिनेच मला पुढे सांगितलं. प्रत मी काढली नव्हती, आणि आजोबांची गोष्ट रचून पहिल्यांदा मीच सांगितली.