निर्लेखित कॉम्प्युटर

पदनाम : संगणक देखभाल सहायक. कार्यक्षेत्र : कार्यालयातील चालू यंत्रांची देखभाल व बंद यंत्रांचे निर्लेखन. वर्तणूक : समाधानकारक. व्यसने : नाहीत. विशेष नैपुण्य : सदर कर्मचाऱ्याच्या केवळ उपस्थितीने बिघाड दूर होतो, असा सर्वसाधारण अनुभव.

शेवटच्या कलमामुळे ऑफिसात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत.

ऑफिसातले कॉम्प्युटर म्हातारे होते, आणि प्रत्येकाचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी नंबर, डॉक्टरांनी स्वतः हाताने भरला होता. एकच नंबर दोघांना गेला तर जो आधी सुरू होईल तो जागेवर बसतो आणि नंतर आलेल्याला नेटवर्क दारातूनच परत पाठवतं. नवीन माणसांना डॉक्टर हे फार छान समजावून सांगत.

आवक टेबलावरच्या एका कॉम्प्युटरला त्यांनीच निर्लेखित केलं, म्हणजे कागदोपत्री मारलं, आणि त्याचा मोकळा झालेला नंबर टायपिस्टबाईंच्या कॉम्प्युटरला दिला. मयत कॉम्प्युटर त्यांनी जिन्याखालच्या आपल्या खोलीत नेला, पुसून घेतला, सवयीने नेटवर्कची वायरही जोडली आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर बुद्धिबळ खेळू लागले. त्याच्या पोटातला जुना नंबर बदलायचा राहून गेला. मेलेल्याकडे कोण लक्ष देतो?

सुट्टीत वीज वाचवायची म्हणून वरचे सगळे कॉम्प्युटर बंद ठेवायचे, असा साहेबांचा नियम होता. सुट्टी संपली की बाई आपला सुरू करत आणि खाली डॉक्टरांचा फोन वाजे.

“डॉक्टर, नेटवर्क परत गेलं हो.”

डॉक्टर शिस्तीचे. खेळ बंद, कॉम्प्युटर बंद, दिवा बंद, मग वर. बाईंचा कॉम्प्युटर ते नुसता बंद करून चालू करत. तो मुकाट चालू लागे.

“बघा. चाललं की.”

“आत्ता चालत नव्हतं, खरंच सांगते.”

“तुम्ही काहीतरी दाबता, बाई.”

“मी फक्त खुर्ची दाबते, डॉक्टर.”

सगळे हसत. डॉक्टरही हसत. शेजारचे हिशेबनीस म्हणत, “बाई, तो तुम्हाला घाबरतो.” हळूहळू बाईंनाही तसंच वाटू लागलं. त्या कळफलकावर बोटं टेकवायच्या आधी ती साडीला पुसू लागल्या.

साहेबांनी डॉक्टरांचं मत घेतलं. डॉक्टर म्हणाले, “यंत्रात दोष नाही.” मग दोष कुणात, हे साहेबांनी आपलं आपण ठरवलं. आणखी एक तक्रार आली की बाईंची रवानगी रेकॉर्ड रूममध्ये. तिथे छतापर्यंत धूळ होती आणि बाईंना दमा होता. “तेवढं नको, साहेब,” एवढंच त्या म्हणाल्या.

ज्या दिवशी डॉक्टर आयुष्यात प्रथमच यंत्राला हरवणार होते, त्याच दिवशी फोन आला. डाव मोडवेना. त्यांनी कॉम्प्युटर तसाच ठेवला आणि वर गेले. साहेब बाईंच्या खुर्चीमागे उभे होते. डॉक्टरांनी बंद करून चालू केलं. चालेना. पुन्हा केलं. चालेना. बाईंनी घाबरून साहेबांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बाईंच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर उपटली आणि हिशेबनिसांच्या कॉम्प्युटरवरून बाईंच्या नंबराला हाक मारली. वायर नसताना उत्तर यायला नको होतं. आलं. त्या नंबरावर दुसरं कुणीतरी जिवंत होतं.

डॉक्टरांचे कान तापले.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“आलोच.”

खाली जाऊन त्यांनी जिंकत आलेला डाव बंद केला. वर आले, वायर लावली. चाललं.

“बघा!” साहेब म्हणाले. “बाई, सोमवारपासून रेकॉर्ड रूम.”

“साहेब, चूक माझी आहे,” डॉक्टर म्हणाले. “खाली माझ्याकडे एक कॉम्प्युटर आहे, त्याच नंबरचा. मी त्यावर खेळतो.”

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “डॉक्टर, मन मोठं आहे तुमचं. पण दुसऱ्याचं स्वतःवर किती घ्यायचं?”

हिशेबनिसांनी मान डोलावली. बाईंचे डोळे भरून आले. “तुम्ही कशाला खोटं बोलता माझ्यासाठी? आधीच किती वेळा जिना चढलात.”

चला खाली, दाखवतो, एवढंच म्हणायचं होतं. जिना तिथेच होता. डॉक्टर म्हणाले नाहीत.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. तिने मात्र लगेच विश्वास ठेवला.

“मग उद्या जाऊन परत सांगा.”

“सांगितलं ना एकदा.”

“ऐकलं का कुणी?”

“नाही.”

“मग काय सांगितलंत?” ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

सोमवारी बाईंनी टेबल आवरताना डॉक्टरांना आपला पेनस्टँड दिला. “आठवण म्हणून,” त्या म्हणाल्या आणि तोंडाला रुमाल बांधून रेकॉर्ड रूमकडे गेल्या. पेनस्टँड डॉक्टरांनी जिन्याखालच्या खोलीत ठेवला, भिंतीकडे तोंड करून. त्याला तोंड नव्हतं, तरी.

बाईंच्या जागी नवीन टायपिस्ट आल्या आहेत. त्यांची अद्याप एकही तक्रार नाही. डॉक्टरांच्या वर्तणुकीचा शेरा यंदा ‘समाधानकारक’वरून ‘उत्तम’ झाला.

निर्लेखित कॉम्प्युटर सुट्टीत अजून सुरू होतो. डॉक्टरांनी त्याचा नंबर बदलला आहे.