माहेरचं लुगडं

रंगनाथ म्हणजे पाथर्डीकडच्या त्या पाच-सात गावांचा गळा. लग्न कुणाचंही असो, आहेर पुकारायला तोच. मांडवात उभा राहून एकेक आहेर हातात घ्यायचा आणि कुणी काय आणलं ते वेशीपर्यंत ऐकू जाईल असं सांगायचा. "आपल्याकडं वाढवून न्हाई आन् झाकून बी न्हाई," असं छातीवर हात मारून म्हणायचा. या खरेपणाची भारी घमेंड होती बाबाला. त्यापायी किती जणांच्या माना खाली गेल्या, ते कधी त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पंचेचाळीस सालचा वैशाख. लढाईमुळं कापड रेशनवर गेलेलं, कोरं लुगडं डोळ्यांना दिसेना. अशात शेजारच्या गोजरबाईच्या लेकीचं लग्न निघालं. गोजरबाईचा थोरला भाऊ गहिनीनाथ दोन कोसांवरून एकटाच चालत आला.

अक्षता पडल्या, आहेर सुरू झाले. नवरीच्या आईला माहेरचं लुगडं येतं, त्याचा मान सगळ्यांत मोठा. बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. गहिनीनाथनं घडी पुढं केली. रंगनाथनं ती बोटांनी चाचपली. धुऊन धुऊन मऊ पडलेली होती.

"गोजरबाईला माहेरचा आहेर," तो गरजला, "लुगडं! जुनं!"

व्याह्यांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. गहिनीनाथनं पटका सावरला आणि तडक बाहेर पडला.

अरे देवा! नवरीचा मामा मांडवातून उपाशी चालला! हातातले आहेर तिथंच टाकून रंगनाथ धावला आणि ओढ्यापाशी त्याला गाठला.

"पाव्हनं, चुकलं माजं. पाया पडतो, माघारी चला."

"तुमी खोटं कुटं बोलला?" गहिनीनाथ म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात मागून गोजरबाई धापा टाकत आली. तेच जुनं लुगडं अंगाभोवती लपेटून.

"दादा, वयनी का न्हाई आली?"

"अंगात ताप हाय तिच्या."

"माज्या गळ्याची आन हाय तुला."

गहिनीनाथचा बांध फुटला. "तिच्यापाशी धड असं ह्ये येकच हुतं, गोजे. म्हनली, ननंदंच्या मांडवात मोकळ्या हातानं जाऊ नगा. घरात गोधडी गुंडाळून बसलीय."

गोजरबाई तिथंच धुळीत बसून रडली. रंगनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाईनं अंगावरचं काढून दिलं, आणि आपण ते चारचौघांत चव्हाट्यावर मांडलं.

डोळे पुसून गोजरबाई उठली. "रंगनाथभाऊ, गाडी जुंपा. व्याह्यानं मला दिलेलं कोरं लुगडं वयनीला घेऊन जावा. ती आल्याबिगर पंगत बसायची न्हाई."

"आन् व्याही रुसलं तर?"

"रुसू द्या!"

गहिनीनाथला गाडीत घेऊन रंगनाथनं स्वतः बैल हाकले. त्याच्या घरी लुगडं उंबऱ्यावर ठेवून, दाराकडं पाठ करून तो नुसता उभा राहिला.

ते परतले तोवर भात पार गार झाला होता आणि व्याही धुसफुसत होते. गोजरबाईनं भावाला बसवलं, मग वहिनीचा, लंकाबाईचा, हात धरून तिला पहिल्या पानावर बसवलं. कोऱ्या लुगड्यात अवघडून गेलेली लंकाबाई घास हातात घेऊन थांबली. पाणी वाढणाऱ्या रंगनाथकडं बघून तिनं विचारलं, "भाऊ, सकाळधरनं तुमी काय खाल्लं का न्हाई?"

मांडवात त्यानं काय पुकारलं होतं, ते तिला ठाऊकच नव्हतं. रंगनाथ मांडवाची मेढ धरून ढसाढसा रडला.