दाजींच्या फटफटीवरच्या दोन पेट्या

दाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी बारामतीत, भिगवण रस्त्यावरच्या माझ्या शेडमध्ये एका गेटाचा अँगल कापत होतो. शेजारच्या किराणा दुकानात फोन आला होता. दुकानदार येऊन म्हणाला, सणसरचे तुमचे दाजी गेले, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं. मी मान हलवली. अँगल अर्धा कापून झाला होता तो पुरा कापला, त्याची कड घासली आणि मग हात धुतले. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. त्या माणसासाठी माझ्या डोळ्यांतून अजून पाणी आलेलं नाही, आणि आलं असं खोटं इथं लिहायची माझी इच्छा नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलताईचे यजमान, दिनकरराव. घरी थोडा ऊस होता, पण त्यांचा खरा धंदा आवाजाचा. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुठं कुस्त्यांचा आखाडा असो, तंबूतला सिनेमा असो, डोळे तपासणीचं शिबिर असो की कापडाचा सेल, गावोगाव फटफटीवरून पुकारत फिरायचं काम दाजींचं. एका हातात हँडल, एका हातात माईक. आवाज मात्र खरंच देखणा होता, तेवढं मान्य करतो. माणसं हातातली कामं टाकून दारात येत. ‘माता-भगिनींनो’ असं ते इतकं गोड म्हणत, की बायकांना वाटावं हा आपला सख्खा भाऊ. घरात ताईला त्यांनी कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. ‘ए’ म्हणायचे... आणि ती यायची.

सुरुवातीला त्यांच्याकडे एकच भोंगा होता, मागच्या कॅरिअरला सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधलेला. नव्वद साल उलटल्यावर कॅसेटवर गाणी लावत जाहिरात करायची पद्धत आली आणि भोंग्यात गाणं फाटायला लागलं. मग दाजींनी पुण्याहून दोन मोठ्या पेट्या आणल्या, चांगल्या स्पीकरच्या. त्या घेऊन ते माझ्याकडे आले. मी दोन दिवस त्या कामाला दिले. चौकोनी पाइपची चौकट केली, ती कॅरिअरवर न टेकवता गाडीच्या सांगाड्याला चार ठिकाणी पट्ट्यांनी आवळली, मध्ये ट्रकच्या ट्यूबचं रबर घातलं, प्रत्येक नटावर दुसरा नट चढवला. पेट्या सीटच्या खाली, चाकाला जमेल तेवढ्या लगत बसवल्या. वजन खाली राहिलं तर गाडी हातात राहते. दाजींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, ऊस उभा असला की खालचा आवाज उसातच जिरतो, पेट्या डोक्याच्या वर पाहिजेत. त्यांच्या धंद्याच्या हिशेबानं ते खरंही होतं. पण वजनदार पेट्या तेवढ्या उंचीवर, आपल्याकडच्या खड्ड्यांतून... मी ठाम नाही म्हणालो.

पंधरा दिवसांनी गुरुवारच्या बाजारात फटफटी दिसली. माझी चौकट वरून कापून तिला हातभर उंच पाइप जोडले होते, पेट्या दाजींच्या कानाच्या वर आल्या होत्या. इंदापूरच्या कुणा वेल्डरकडून करून घेतलं, असं त्यांनी सांगितलं. जोड बघितला तर वरवरची रेघ मारलेली, बोल्टाला साधा एकेक नट. हे आजच काढा, असं मी त्यांना हळूच, बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी मात्र उत्तर चार माणसांना ऐकू जाईल असं दिलं.

“सोपान, तुला लोखंड कळतं. आवाज कळत न्हाय.”

महिनाभरानं ते पुकारत कळसकडे निघाले होते. कळस आमचं गाव, म्हणून ताईला माहेरी सोडायला मागं बसवलं होतं. कालव्याच्या चारीवरच्या पुलाअलीकडे ताई त्यांना म्हणाली, उजवी पेटी हलायला लागलीय. माईक चालू होता. त्यांनी ऐकलं, पण पुकारा थांबवला नाही. पुलाच्या उतारावर उजवा जोड तुटला, पेटी खाली आली, पाइप मागच्या चाकात अडकला. दाजींचं कोपर खरचटलं. ताईचा गुडघा फुटला. त्यात स्टीलची पट्टी घातली, दोनदा ऑपरेशन झालं, तरी तो पाय परत वाकला नाही. तेव्हापासून ताई पंगतीत बसली नाही, तिला खुरपायला बसता आलं नाही, आणि चुलीपुढं ती स्टुलावर पाय लांब करून भाकरी थापत आली.

मी पुलावर जाऊन तुटलेला तुकडा उचलून आणला. माझी वेल्डिंगची रेघ जशीच्या तशी होती. लोखंड तुटलं होतं ते तिच्या चार बोटं वर, दुसऱ्याच्या जोडावर. पण तोवर दाजींनी दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं होतं, की मेहुण्याच्या वेल्डिंगनं घात केला. ज्याचा आवाज गावोगाव ओळखीचा, त्याचं म्हणणंही गावोगाव गेलं. माझ्याकडे दुरुस्तीला ट्रॉल्या यायच्या बंद झाल्या. ज्यांची दारं-खिडक्या मी केल्या होत्या ते रस्त्यानं जाताना दुसरीकडे बघायला लागले. सख्ख्या बहिणीला लंगडी केली, असं माझ्या बायकोला पाण्याच्या नळावर ऐकावं लागलं. मी तो तुकडा पिशवीत घालून सणसरला निघालो होतो, चावडीपुढं चारचौघांत ठेवणार होतो. जाण्याआधी दवाखान्यात डोकावलो, तर ताईनं खाटेवरून माझा हात धरला.

“गप ऱ्हा, सोपान. मला त्याच घरात ऱ्हायाचं हाय.”

मी गप्प राहिलो. दाजींशी बोलणं तोडलं. सणावाराला ताईला भेटायला जायचो तेव्हा ते बाहेरच्या ओट्यावर आणि मी आतल्या खोलीत.

तीन वर्षांनी ते माझ्या शेडपुढं येऊन उभे राहिले. आणखी नव्या पेट्या आणल्या होत्या. त्या बसवून दे म्हणाले, जणू कालच चहा घेऊन गेले होते. मी म्हणालो, इंदापूरला जा. तर म्हणाले, “त्याचं काम टिकत न्हाय.”

“मग माझं टिकतं व्हय?”

त्यांनी पेट्यांची दोरी सोडायला घेतली.

त्यांना हाकलून द्यायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ताई अजून त्याच गाडीवर मागं बसत होती, एका अंगाला, तो पाय लांब करून. म्हणून मी काम घेतलं. पेट्या मी म्हणेन तेवढ्याच उंचीवर बसतील, असं बजावलं. ताईचा पाय टेकायला बाजूला एक वेगळा दांडा लावला. आणि एक अट घातली. पेट्या बसल्यावर माईक इथंच तपासायचा, आणि त्यावर खरं बोलायचं, ते वेल्डिंग सोपानचं नव्हतं म्हणून. दाजींनी मान हलवली. काम झालं. त्यांनी माईक तोंडाशी धरला. समोर चहाच्या टपरीवर दहाबारा माणसं होती. माझ्या हातात पाना होता. दाजींनी घसा साफ केला... आणि त्या देखण्या आवाजात सुरू झाले, “बंधू-भगिनींनो, मजबूत आणि खात्रीचं वेल्डिंग, सोपान वेल्डर, भिगवण रोड, बारामती.” दोनदा म्हणाले. मग किक मारून निघून गेले.

पुढं गावोगाव, प्रत्येक पुकाऱ्याच्या शेवटी, त्यांनी ही ओळ जोडली. कळस, सणसर, पार सुप्यापर्यंत. कामं परत आली, उलट वाढली. लोक म्हणायचे, बघा, बायकोचा पाय गेला तरी मेहुण्याला सांभाळून घेतो. मला जाहिरात नको होती. मला एक वाक्य हवं होतं, आणि ज्याचं सगळं पोट वाक्यांवर चाललं त्या माणसाला ते तेवढं एक जमलं नाही. ती ओळ ऐकली की मी शेडमधलं मशीन सुरू करायचो, म्हणजे ती ऐकू येऊ नये.

दहाव्याला नदीवर बोलणाऱ्यांनीही तेच मोठेपण सांगितलं. मी ऐकून घेतलं. तेरावा झाल्यावर ताईनं मला अंगणात बोलावलं आणि फटफटीवरची चौकट काढून न्यायला सांगितलं. मी पाना लावला. तीन-चार वर्षांचे नट, उन्हापावसातले, गंजून धरलेले असणार असं वाटलं होतं. पण एकेक नट तेल प्यायलेला, हलक्या हातानं सुटत आला. रबरं नवी घातलेली. सीटखाली एका कापडी पिशवीत जादा नट आणि वायसर. मी ताईकडे बघितलं. ती स्टुलावर बसली होती.

“मला बसवायच्या आदी रोज समदे नट आवळायचे,” ती म्हणाली. “तोंडानं कायबी बोलायचे न्हाईत. आता तू सांग, सोपान. मी गप ऱ्हा म्हनलं हुतं, ते आता न्हाय.”

म्हणून हे लिहिलं. कुणाला वाटेल, त्या तेल घातलेल्या नटांनी माझं मन वळलं असेल. उलट झालं. म्हणजे माणसाला सगळं कळत होतं. जोड कुणाचा तुटला, पाय कुणामुळं गेला, रोज सकाळी पाना हातात घेताना कळत होतं, आणि तरी तो दोष माझ्यावर ठेवून गेला.

ती कापडी पिशवी आता माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. काल एका ट्रॉलीला नेमका त्याच मापाचा एक नट कमी पडला. हात पिशवीपर्यंत गेला... मग मी सायकल काढली आणि बाजारातून दुसरा आणला.